सोनकी, तुझ्या सांगण्यावरून

गोटलंड, १२ जून १९६१

चि. मायलिस,

आशीर्वाद द्यावेत की नाही, या विचारात जरा वेळ गेला. शेवटी दिले. दिल्याने माझं काही कमी होत नाही.

तुझं पत्र मिळालं. बाबा गेल्यानंतरचं हे तुझं पहिलंच पत्र, आणि त्यात चौकशी कोणाची? एका पिवळ्या फुलाची, एका पतंगाची आणि एका घोडीची. कागद उलटून पाहिला, मागे माझ्यासाठी एखादी ओळ लिहिलीयस का म्हणून. मागची बाजू कोरी होती. तू विचारलं नाहीस तरी सांगते, मी बरी आहे. गुडघा धरतो, पण मेंढ्यांना त्याचं काय! त्यांना वेळच्या वेळी बाहेर सोडावंच लागतं.

तर स्टॉकहोमच्या त्या मोठ्या संग्रहालयात मोठ्या माणसांपुढे तुझं व्याख्यान आहे. विषय, आपल्या खालच्या कुरणातली सोनकी आणि तिच्यावर वाढणारा तो लाल-काळा पतंग. दोघांची तुलना करायची, कोण कोणाकडून काय घेतं आणि कोणाचं काय जातं ते सांगायचं. वाचून हसूच आलं. या विषयासाठी तुला इतकी वर्षं शिकावं लागलं! स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसली असतीस तरी समजलं असतं.

आणि त्यासाठी यंदा सोनकीचं एकही रोप उपटायचं नाही. सुरवंट मोठे होऊन मातीत शिरेपर्यंत कुरणाला हात लावायचा नाही. असा तुझा हुकूम. तू 'कृपया' लिहिलंयस, ते वाचलं मी. उंटावरून शेळ्या हाकणारेही 'कृपया' म्हणत असतील.

बापाच्या दफनाला आली नाहीस ती आली नाहीस, वर अजून लिहितेस की आईने पत्र उशिरा टाकलं. समुद्रात बर्फ होता, बोट दोन दिवस विस्बीच्या बंदरात अडकून पडली होती. हे मी तेव्हाही सांगितलं होतं. पुन्हा सांगणार नाही.

पेर्ला ठणठणीत आहे. बाबांनी तुला दिली तेव्हा कुत्र्याएवढी होती, आता म्हातारी झालीय, पण तुझं खुंटीवरचं खोगीर दिसलं की अजून कान टवकारते. तुझ्या पत्रातल्या तिच्याविषयीच्या ओळी मी वाचल्या. कपाळावरून हात फिरव, शेपटीतले काटे काढ, माझं नाव घेऊन बोल तिच्याशी. खरं सांगू? मला त्या घोडीचा हेवा वाटला.

सोनकी उभी ठेवीन. तू म्हणतेस अगदी तस्सं करीन.

तुझी आई,
गुनवोर

•

२३ जुलै

चि. मायलिस,

तुझी सोनकी फुलली. बांधापासून ओढ्यापर्यंत नुसतं पिवळं.

परवा गावातल्या बायका हातमोजे घालून, डोक्याला रुमाल बांधून आल्या. कापणीच्या आधी सगळ्यांनी ओळ धरून एकेकीच्या कुरणातली सोनकी मुळासकट उपटायची, हे काही तुला नव्याने सांगायला नको. तूही लहानपणी माझ्या बाजूला चालायचीस, आणि अर्ध्यावरच एखादा सुरवंट हातावर घेऊन बसायचीस. तेव्हाही तुझ्या वाटणीची रोपं मीच उपटायची.

"अगं गुनवोर," त्या म्हणाल्या, "हे कुरण आहे का मोहरीचं शेत? आजारीबिजारी होतीस की काय?"

मी म्हटलं, "आजारी कशाला होईन? माझी मुलगी शास्त्रज्ञ आहे. तिचे सुरवंट जेवायला बसलेत, त्यांना उठवायचं नाही."

काय हसल्या! एक म्हणाली, "घ्या, आमच्या पोरी आम्हाला कॉफी करून देतात, हिची पोर हिला किडे पाळायला लावते." मी पण हसले. हसावंच लागतं. त्यांच्यासाठी अंडं, साय आणि मध घालून घरची, धुराच्या वासाची बियर घुसळून ठेवली होती, ती पिऊन त्या दुसऱ्या कुरणात गेल्या. त्यांच्याबरोबर आलेला शेजारचा वाल्फ्रिड तेवढा मागे रेंगाळला. तो तुला ठाऊकच आहे, त्याचं नाक नेहमी दुसऱ्याच्या कुंपणात.

"सुरवंट गेल्यावर तरी उपटशील ना?" तो म्हणाला. "कापायच्या आधी?"

"वाल्फ्रिड," मी म्हटलं, "तुझ्या गायींचं तू बघ."

तुझ्या व्याख्यानाला उपयोग व्हावा म्हणून मीही बांधावर बसून तुलना केली. ऐक. सोनकी जन्मभर एका जागी उभी. वारा येवो, मेंढी येवो, हलायची सोय नाही. पतंगीण कुठूनशी येते, पानाच्या पोटाशी अंडी चिकटवते. पिवळे-काळे पट्टे घालून पिल्लं बाहेर येतात आणि खायला लागतात. पानं खातात, कळ्या खातात, फुलं खातात. सोनकी विषारी, पण त्यांना काही होत नाही. उलट तिचंच विष अंगात मुरवून ती मिरवतात, आणि पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. पुढे पंख फुटले की लाल रंग लावून भुर्र.

विष सोनकीचं आणि रुबाब पतंगाचा. लोक म्हणतात, मायलिसच्या जिभेपुढे कोणाचं चालत नाही, प्राध्यापकसुद्धा गप्प बसतात. ती जीभ तू कुठून नेलीस ग? बाबा तर बिचारे देवळातसुद्धा हळू गायचे.

अजून एक. पानं संपली की हे सुरवंट एकमेकांना खातात. काल पाहिलं मी. आणि देठापर्यंत खाल्लेली सोनकी मरत नाही, मुळातून पुन्हा फुटते. हे तुझ्या पुस्तकात असेलच. नसेल तर आईने सांगितलं म्हणून घाल.

पेर्ला खालच्या कुरणातच चरते. सोनकी हुंगते, नाक फेंदारते आणि बाजूचं गवत खाते. हिरव्या सोनकीइतकं कडू या बेटावर दुसरं काही नाही. मी सोडून, असं म्हणशील.

आई

•

२ सप्टेंबर

चि. मायलिस,

दर आठवड्याला सुरवंट मोजून आकडे पाठवले, त्यावर तुझं कार्ड आलं. 'आई, तू फार मोठं काम केलंस.' बघ, इतक्या वर्षांत पहिल्यांदा! कपाटावर उभं करून ठेवलंय, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून.

सुरवंट मातीत गेले. तू सांगितल्याप्रमाणे शेवटचा जाईपर्यंत वाट पाहिली, मग कुरण कापून घेतलं. हवा कोरडी होती, छान वाळलं. गंजी रचून माळ्यावर चढवली. या खेपेला वर पाठवलेल्या गवताला पिवळट झाक आहे, दिसायला बरी वाटते.

या वर्षी मी एक पुण्याचंही काम केलं. वाल्फ्रिडचं सगळं गवत जुलैच्या पावसात कुजलं. त्याच्या गायी हिवाळ्यात काय खाणार म्हणून आपल्या वरच्या कुरणाचं सगळं गवत मी त्याला देऊन टाकलं. पाळकांनी रविवारी माझं नाव घेतलं. वाल्फ्रिडच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, "गुनवोर, मी तुला उगाच खडूस समजत होतो." मी म्हटलं, "समजत राहा, मला सवय आहे."

तो तेवढ्यात विचारायचं विसरला नाही. "मग तुझ्या जनावरांना?"

"खालच्या कुरणाचं आहे की! मेंढ्यांना काहीही पचतं."

ते खरंच आहे. मेंढ्यांना पचतं.

आता तुला विचारते. नाताळला येशील का? व्याख्यान नोव्हेंबरातच आहे, असं तू लिहिलंयस. म्हणजे डिसेंबरात मोकळी असशील. केशर घालून भाताचा पोळा भाजीन, तुला आवडतो तसा, वरून साय आणि निळ्या फळांचा मुरंबा. मुरंबा आत्ताच करून ठेवलाय. काट्यांनी हात फुटले, पण यंदा फळं चांगली आली होती. तुझ्या खोलीतली गादी उन्हात घातली. मी कधी काही मागत नाही, हे तू मान्य करशील. एवढं मागते.

आई

•

८ डिसेंबर

मायलिस,

येत नाहीस. बरं.

व्याख्यान गाजलं, टाळ्या पडल्या, आता त्यावर पुस्तक लिहायचंय, म्हणून सुट्टीतही संग्रहालयात बसणार. कळलं. कात्रण पाठवलंस ते पाहिलं. फोटोत केस चांगले बसवलेयस. खाली लिहिलंय की हे निरीक्षण 'गोटलंडमधल्या एका कुरणात' केलं. कुरणाला मालकीण नाही, आपोआप उगवलंय. खाल्ल्या घरचे वासे तू मोजत नाहीस एवढं खरं. घर होतं हेच तुझ्या लक्षात नसतं.

माझ्या तुलनेतलं तू काहीच घेतलं नाहीस, असं कात्रणावरून दिसतं. म्हणून आणखी एक गोष्ट सांगते, तुझ्या पुस्तकासाठी. सोनकी वाळली की तिचा कडूपणा जातो. तेवढाच जातो. बाकीचं सगळं आत राहतं. लहान असताना तुला हे येत होतं, बायकांच्या ओळीत चालताना तू ते गाण्यासारखं म्हणायचीस. मोठ्या माणसांपुढे तुला जिवंत सोनकीच दाखवायची होती, गवताशी तुझा संबंध संपला.

पेर्ला नोव्हेंबरपासून आत बांधली आहे. तू लिहिलंस की तिला पोटभर खायला घाल, थंडी फार आहे. घालते आहे. आवडीने खाते, गव्हाणीत काडी ठेवत नाही. माळ्यावर जे आहे तेच घालते. दुसरं घरात काही नाही, ते मी पुण्यकर्मात दिलं.

मुरंब्याच्या बाटल्या तशाच आहेत. नाताळला मी आणि मेंढ्या.

आई

•

१० फेब्रुवारी १९६२

मायलिस,

जानेवारीत तू एकच कार्ड पाठवलंस आणि त्यातही, 'पेर्लाचा फोटो काढून घेता येईल का, पुस्तकात कुरणाच्या चित्रात शोभेल.' आता फोटो चांगला येणार नाही.

ती बारीक झालीय. खाते आणि बारीक होते. सारखी जांभया देते. घोडी अशी जांभई देताना मी कधी पाहिली नव्हती. ओठ पार मागे जातात, म्हातारी बाई देवळात देते तशी. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा पडलाय. आठवडाभर गोल गोल फिरत होती, तबेल्यातल्या मातीत रिंगण पडलंय. कालपासून भिंतीला कपाळ टेकवून उभी राहते आणि रेटते, जसं काही भिंत बाजूला सरकवून पलीकडे जायचंय. मी तुझं नाव घेऊन बोलले तिच्याशी. तू सांगितलं होतंस ना.

वाल्फ्रिड दूध द्यायला आला होता, त्याने तबेल्यात डोकावलं. मग गव्हाणीत हात घातला. एक काटकी काढली, बोटांत चुरली, वास घेतला. दुसरी काढली. तिसरी.

"गुनवोर, हे काय घालतेयस तिला?"

"गवत."

"ही सोनकी आहे. सगळी सोनकी आहे ही!"

"मायलिसने ठेवायला सांगितली होती."

"सुरवंटांसाठी ठेवायला सांगितली होती! घोडीला घालायला नाही!"

"तसं ती म्हणाली नव्हती. तिचं पत्र आहे माझ्याकडे. उपटू नकोस म्हणाली, उपटली नाही. पोटभर घाल म्हणाली, घातलं. आता आणखी काय करायचं म्हाताऱ्या बाईने?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मायलिस, तो माणूस मला पन्नास वर्षं ओळखतो. त्याच्या लग्नात मी नाचले आहे. त्याने असं पाहिलं, जसं कोणी अंगणात आलेल्या कोल्ह्याकडे पाहतं. मग गेला आणि दुपारी बर्फावरच्या घसरगाडीवर गवत लादून परत आला. मीच दिलेलं, वरच्या कुरणाचं. त्याच्या गायींच्या तोंडचं काढून आणलं. गव्हाण स्वतः रिकामी केली, खालचं सगळं बाहेर फेकलं, चांगलं भरलं. पेर्लाने तोंड लावलं नाही. "आता उशीर झालाय," असं तो म्हणाला. माझ्याशी नाही, घोडीशी.

जाताना दारातून म्हणाला, "मी मायलिसला फोन करतो. तू करणार नाहीस."

कर म्हटलं. माझ्या पत्रांना उशीर होतो, हे ती म्हणतेच.

हे पत्र पोचायच्या आत तू बोटीत असशील, हे मला माहीत आहे. बापासाठी आली नाहीस, आईने हात फोडून मुरंबा केला तेव्हा आली नाहीस. आता येशील. तुझी खोली तापवून ठेवते. भात शिजत टाकलाय, केशर दुधात भिजवलंय.

आई

•

१२ मार्च

मायलिस,

तू गेल्यापासून घरात कोणी बोललेलं नाही, म्हणून मी बोलते. तू होतीस तेव्हा तरी किती बोललीस!

बोटीवरून उतरलीस ती थेट तबेल्यात. मी दारात उभी होते, हातात टॉवेल, तुझे ओले बूट पुसायला. तू माझ्या बाजूने गेलीस, जशी खांबाच्या बाजूने जातात. तिथे चिखलात बसलीस त्या शहरी कोटासकट. पेर्लाचं डोकं भिंतीवरून काढून मांडीवर घेतलंस. ती तुला ओळखत होती की नव्हती, कोण जाणे. गुरांचा डॉक्टर आला, म्हणाला यकृत संपलंय, आता त्रास देऊ नका. तिला झोपवलं तेव्हा तू तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होतीस. मला ऐकू आलं नाही. ऐकायची फार इच्छा होती. मुलगी आईच्या कानात असं काय सांगते, ते मला माहीत नाही.

मग स्वयंपाकघरात आलीस. एवढ्या वर्षांनी. तुझ्या खुर्चीवर बसलीस. सांगते, हवं तर शिव्या घाल, पण मला आनंद झाला. घोडी मेली त्याच दिवशी, चुलीजवळ उभी असताना मला आनंद झाला.

"आई," तू म्हणालीस, "तुला माहीत होतं."

"काय?"

"वाळल्यावर काय होतं ते."

"या बेटावर ते कोणाला माहीत नाही?"

"मग उपटली का नाहीस?"

"तू उपटू नकोस म्हणालीस."

"सुरवंट गेल्यावर! मला वाटलं, गेल्यावर तू उपटशील. तू नेहमी..."

"नेहमी काय? तुझ्या वाटणीची नेहमी आईने उपटायची! कापायच्या आधी उपट, एवढं एक वाक्य लिहायला शाई संपली होती? गृहीत धरलंस. तू काहीही उभं करून ठेवायचं आणि मागचं सगळं आईने निस्तरायचं. या वेळी नाही निस्तरलं."

"तिने तुझं काय केलं होतं?"

तिने काही केलं नव्हतं. तिच्यासाठी तू पत्र लिहायचीस, एवढंच तिने केलं होतं.

मी केशरी पोळा पुढे ठेवला. गरम होता. वर साय, मुरंबा. तू बशीकडे पाहिलंस. तो पिवळा रंग पाहिलास. नाकाजवळ नेलीस बशी, अगदी थोडीशी, मला कळू नये अशी. मग खाली ठेवून माझ्याकडे सरकवलीस.

"तू खा आधी," तू म्हणालीस.

मला आधी समजलंच नाही. मला वाटलं, एवढ्या वर्षांनी आईला पहिला घास देतेय पोरगी. मी हसलेसुद्धा. मग तुझं तोंड पाहिलं.

मायलिस, मी तुला अंगावर पाजलंय. तुला गोवर झाला तेव्हा चमचा चमचा पेज भरवली, तू माझ्या एप्रनवर ओकायचीस आणि मी पुन्हा भरवायचे. त्याच टेबलावर, त्याच खुर्चीवर. आणि तू मला म्हणतेस, तू खा आधी.

मी बशी उचलली आणि सगळं कोंबड्यांना टाकलं. "माझ्या घरात माझी परीक्षा घेतेस?" असं ओरडले, ते वाल्फ्रिडच्या अंगणापर्यंत गेलं असेल. तू पिशवी उघडलीस, वाल्फ्रिडने दिलेला पाव काढलास आणि माझ्याच टेबलावर, माझ्यासमोर, कोरडा खाल्लास. पाणीसुद्धा स्वतः पंपावर जाऊन आणलंस.

कोंबड्या जिवंत आहेत. तुला कळावं म्हणून लिहिते. सगळ्या अंडी देत आहेत.

आई

•

१९ जून

मायलिस,

मार्चपासून तुझा एक शब्द नाही. पेर्ला गेली, आता तू लिहायचं तरी कशासाठी!

पतंग बाहेर आले. तुला हे वाल्फ्रिडने कळवलं असेलच. आता तुमचा पत्रव्यवहार असतो असं ऐकते. टपालवाल्याने सांगितलं, तुझं अक्षर त्याच्या ओळखीचं आहे. पेर्लाला पुरलं त्या जागेवर गवत अजून नीट धरलेलं नाही, तिथेच पतंग सगळ्यात जास्त आहेत. लाल लाल, दिवसाउजेडी फिरतात, कोणाला भीत नाहीत. भीतीलच कशाला, विष आहे ना अंगात.

जुलैत तू येणार, वाल्फ्रिडकडे उतरणार, त्याच्याकडे जेवणार आणि आपल्या कुरणात काम करणार. माझी परवानगी वाल्फ्रिडकरवी मागितलीस. तो कुंपणाच्या पलीकडे उभा राहून, टोपी हातात घेऊन म्हणाला, "मायलिस विचारते, कुरणात आली तर चालेल का." माझी मुलगी, माझं कुरण, आणि मध्यस्थ वाल्फ्रिड. "चालेल," मी म्हटलं. तो जायला वळला, मग थांबला.

"तिला आणखी काही सांगू?"

मी म्हटलं, काही नाही.

पण नंतर सुचलं, म्हणून लिहिते.

वरच्या कुरणाची सोनकी या वर्षी मी एकटीने उपटली. बायकांची वाट पाहिली नाही. त्या तशाही आल्या नसत्या. देवळात माझ्या बाकावर आता कोणी बसत नाही. वाल्फ्रिडने कोणाला काही सांगितलेलं नाही असं तो म्हणतो, आणि तो खोटं बोलत नाही. पण बेट लहान आहे. खालच्या कुरणाची तुझी तुला ठेवलीय. सुरवंट गेल्यावर तीही उपटीन आणि जाळीन. या वेळी तू सांगितलं नाहीस, तरी.

माझ्यावर तुझा विश्वास नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही ठेवला नसता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे तू म्हणशीलच, आणि बरोबरच म्हणशील. मी क्षमा मागत नाही. मला ते जमत नाही आणि तुला ती द्यायला जमणार नाही, तुझी जीभ माझीच आहे.

एकच कर. दुपारी काम थांबलं की बांधावर ये. घरात येऊ नकोस, हवं तर. मी टेबल बाहेर काढून ठेवीन, चेरीच्या झाडाखाली, कुरणातून स्पष्ट दिसेल असं. पोळा तुझ्यासमोर कापीन. तू कुठलाही तुकडा दाखव, मधला, कडेचा, तुला वाटेल तो. त्याचा पहिला घास मी खाईन. तू पाहा. हवं तर तासभर थांब, काही होतं का ते बघ. मी बसून राहीन.

मग तू खा.

आई